मंत्र्याची मुलाखत आणि नटाची मुलाखत : या चुका टाळा

आमच्यासारख्या गोव्यातल्या छोट्या लोकल चॅनलमध्ये बातम्यांची टीम वेगळी, करमणुकीची वेगळी असं काही नसतं. सकाळी ज्या माईकवर पंचायतीच्या कचऱ्यावरून सरपंचाला धरायचं, रात्री तोच माईक घेऊन देवळाच्या मांडवात नाटकवाल्यांशी गप्पा मारायच्या. माईक एकच, माणूस एकच, त्यामुळे पद्धतही एकच होऊन जाते आणि तिथेच सगळा घोळ होतो. नवीन येणाऱ्या मुलामुलींच्या मुलाखती मी बघतो, माझ्या स्वतःच्या जुन्या टेपही बघतो, आणि त्याच त्याच चुका परत दिसतात.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे बातमीच्या मुलाखतीत एका दमात दोन प्रश्न. मी स्वतः एका सरपंचाला विचारलं होतं, "कचऱ्याची गाडी पंधरा दिवस का आली नाही आणि नवीन शेडचं काम कधी सुरू होणार?" झालं, त्यांनी शेड पकडली. जागा कुठली, फाईल कुठे आहे, पत्रे कुठले बसवणार, चार मिनिटं ते शेडवर बोलले आणि मी मान हलवत उभा. ज्या बायका सकाळपासून पिशव्या घेऊन रस्त्यावर थांबल्या होत्या त्यांना गाडीचं उत्तर मिळालंच नाही. दोष त्यांचा नाही, मीच त्यांना सोपा प्रश्न निवडायची सोय करून दिली होती.

म्हणून प्रश्न एक, छोटा, आणि विचारून झाला की गप्प. समोरचा दुसरीकडे गेला तर आवाज चढवायची गरज नाही, "शेडचं कळलं. गाडी का आली नाही?" एवढंच. परत टाळलं तर प्रश्न अजून बारीक करायचा, कुठल्या तारखेपासून, कंत्राटदाराला नोटीस दिली का, हो की नाही. तिसऱ्यांदाही नाही मिळालं तर कॅमेऱ्यासमोर शांतपणे सांगायचं की या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही, आणि पुढे जायचं. बीबीसीच्या न्यूजनाइट या बातम्यांच्या कार्यक्रमात 13 मे 1997 ला मुलाखतकार जेरेमी पॅक्समननी ब्रिटनचे माजी गृहमंत्री मायकल हॉवर्ड यांना तोच प्रश्न बारा वेळा विचारला होता, तुरुंग खात्याच्या प्रमुखाला तुमचा निर्णय मी फिरवीन अशी धमकी दिलीत का म्हणून. आमची पोरं ती क्लिप बघतात आणि दरडावून विचारायला शिकतात. अरे पण नीट बघा, त्यात ताकद आहे ती प्रश्न न बदलण्याची, आणि पॅक्समननीच नंतर सांगितलं की पुढची स्टोरी तयार नव्हती म्हणून ते विचारत राहिले. आपल्याकडे तीन मिनिटांचा स्लॉट असतो, त्यात बारा वेळा तेच विचारलं तर बाकीची बातमी राहूनच जाते.

आता हीच पद्धत कलाकारावर वापरली की काय होतं ते सांगतो. फोंड्याकडे जत्रेचं नाटक होतं, रंगपटात एक ज्येष्ठ नट तोंडाला रंग लावत बसले होते, मी कॅमेरा लावला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "संगीत नाटकाचा प्रेक्षक कमी झालाय हे तुम्ही मान्य करता का?" ते म्हणाले, "होय." पुढचा प्रश्न, "मग जबाबदार कोण?" ते म्हणाले, "काळ." दहा मिनिटांत मला एक धड वाक्य मिळालं नाही. मग आमच्या कॅमेरामनने सहज विचारलं, दादा, हा आरसा तुमचाच काय? आरशाला एका कोपऱ्यात तडा होता. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि तो आरसा त्यांच्या वडिलांचा, तडा कुठल्या गावच्या जत्रेत गेला, त्या रात्री पाऊस येऊन मांडव कसा गळत होता आणि तरी लोक छत्र्या धरून कसे बसले होते, सगळं सांगत सुटले. प्रेक्षकांचं उत्तर त्यातच आलं होतं, मी मात्र ते दरडावून मागत होतो.

करमणुकीच्या मुलाखतीत माणूस काही लपवायला बसलेला नसतो, त्याला आठवायला वेळ लागतो एवढंच. म्हणून मत विचारू नका, प्रसंग विचारा, वस्तू विचारा. तबस्सुम यांनी दूरदर्शनवर 1972 पासून 1993 पर्यंत नटनट्यांशी गप्पा मारल्या, एकवीस वर्षं. जुने तुकडे मिळाले तर बघा, पाहुणा घरी आल्यासारखा सैल बसलेला दिसतो. आणि पाहुणा थांबला की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, तीन चार सेकंद जाऊ द्या, चांगली गोष्ट बऱ्याचदा त्या थांबण्यानंतर येते. मधे "हूं, हूं, बरोबर" सुद्धा नको, तुमचा आवाज त्यांच्या माईकमध्ये घुसतो आणि एडिटिंगला तो काढता येत नाही. मान हलवा, पुरे.

आता जी चूक मला सगळ्यात जास्त लागते ती. पावसाळ्यात गोव्यात कुठे ना कुठे कोणीतरी बुडतं, धबधब्यावर किंवा समुद्रात, आणि आपला रिपोर्टर घरच्यांपुढे माईक धरून विचारतो, "आता तुम्हाला कसं वाटतंय?" हा प्रश्न करमणुकीतला आहे, बक्षीस जिंकलेल्याला विचारायचा. ज्या आईचा मुलगा दोन तासांपूर्वी गेला तिला हे विचारून कोणाला काय कळणार? तिला सोडा. बातमीचे प्रश्न दुसऱ्यांना विचारायचे आहेत, तिथे जीवरक्षक होते का, धोक्याचा बोर्ड होता का, मदत यायला किती वेळ लागला, आणि ते विचारायचे पोलिसांना, पंचायतीला, खात्याला. घरच्यांना बोलायचंच असेल तर ते स्वतः सांगतील, तेव्हा कॅमेरा लांब ठेवून ऐका.

इफ्फीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, उलटं होतं. 2004 पासून तो गोव्यात भरतो, आणि रेड कार्पेटवर आपण प्रत्येकाला विचारतो "गोवा कसा वाटला?" उत्तर ठरलेलं, सुंदर. त्या अर्ध्या मिनिटात त्यांच्या दाखवल्या जाणाऱ्या सिनेमातल्या एका सीनबद्दल विचारा, माणूस थांबून बोलतो. पण त्याच कार्पेटवर मंत्री आले की आपण त्यांनाही आवडता पिक्चर विचारतो! महिनाभर जो माणूस फोन उचलत नव्हता तो समोर उभा आहे, तेव्हा राहिलेला प्रश्न विचारायचा, नम्रपणे, पण तोच.

दोन्ही पद्धती एकत्र चालतच नाहीत असं मात्र नाही. ब्रिटिश मुलाखतकार डेव्हिड फ्रॉस्ट टॉक शो आणि विनोदी कार्यक्रमांतून आलेला माणूस, त्याने 1977 मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची मुलाखत घेतली, 28 तासांहून जास्त रेकॉर्डिंग. त्याने त्यांना भरपूर बोलू दिलं, पण ज्या वॉटरगेट प्रकरणात निक्सनना राजीनामा द्यावा लागला त्याच्या टेपचा अभ्यास करून बसला होता म्हणून नेमक्या वेळी धरता आलं. अभ्यास नसेल तर नुसतं बोलू देणं म्हणजे भाषण रेकॉर्ड करणं.

बाकी बारीकसारीक. गोव्यात सगळेच ओळखीचे, म्हणून कॅमेऱ्यावर मंत्र्याला "भाई" म्हणू नका, पद आणि "तुम्ही", बास. गप्पांमध्ये मात्र दादा, ताई, बाब खुशाल चालू द्या. बातमीसाठी आधी विषय सांगा, प्रश्नांची यादी देऊ नका. कलाकाराशी आधी फोनवर बोलून घ्या, पण चांगला किस्सा सुरू झाला की तिथेच थांबवा, कॅमेऱ्यापुढे दुसऱ्यांदा सांगताना तो शिळा होतो. एकाच कॅमेऱ्यावर शूट असेल तर तुमचे प्रश्न नंतर परत रेकॉर्ड करता ना, ते शब्द न शब्द तेच हवेत, नाहीतर उत्तर भलत्याच प्रश्नाला जोडलं जातं. आणि प्रश्न मराठीत, उत्तर कोकणीत आलं तर थांबवू नका. फक्त बातमीत खाली मराठी ओळ देताना "पळयतां" म्हणजे "बघतो" एवढंच लिहा, "लवकरच करतो" असं लिहिलंत की त्यांनी न दिलेलं वचन तुम्ही देऊन टाकता.