"चालतंय की!"

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या पिना 3.3 व्होल्टच्या, हे तुम्हाला माहीत आहे. मलाही होतं. तरी जाळली.

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी सोलापूरच्या पूर्व भागात एका यंत्रमाग कारखान्यात मागाचे फेरे मोजायचं प्रोजेक्ट घेतलं. झिरो पीसीबीवरची (भोकांच्या कोऱ्या बोर्डवरची) एटमेगा328पी ही मायक्रोकंट्रोलर चिप मोजणार, पाय हिशेब ठेवणार. मध्ये सिरियलच्या दोन वायरी आणि ग्राउंड. सीनियरनं वायरी थेट खुपसल्या आणि म्हणाला, "चालतंय की!" खरंच चाललं, आणि तिथंच फसलो.

नीट बघा. 5 व्होल्टवरची एटमेगा 3 व्होल्टच्या वरचं सगळं 'हाय', म्हणजे 1, धरते. म्हणून पायचा 3.3 तिला कळतो, ती वायर थेट चालते. मग वाटतं, दुसरीही चालेल. पण एटमेगाचा टीएक्स, म्हणजे पाठवणारी पिन, डेटा नसतानाही 'हाय' असतो. म्हणजे कारखाना बंद, धोटा गप्प, तरी पायच्या आरएक्सवर, म्हणजे घेणाऱ्या पिनेवर, 5 व्होल्ट चढलेलेच. त्यात रात्री आम्ही पाय बंद करायचो, एटमेगाचा अॅडॅप्टर चालूच. वीज नसलेल्या चिपच्या पिनेत बाहेरून वीज घुसवणं हे तर आणखी वाईट. चौथ्या दिवशी जीपीआयओ 15, म्हणजे तीच आरएक्सची पिन, मेली.

घाबरू नका, बाकीचा बोर्ड आजही ठणठणीत आहे.

उपाय दोन रेझिस्टरचा. टीएक्सकडून 1 के (किलोओहम), तिथून ग्राउंडला 1.8 के, मधल्या जोडावर 3.2 व्होल्ट मिळतात. दुकानदार 2.2 के देतो, त्यावर 3.4 येतात, मी घेत नाही. दोन्ही उलटे लावलेत तर 1.8 च्या आसपास येईल आणि तुम्ही कोडमध्ये चूक शोधत बसाल. मी बसलो होतो, एक अख्खी रात्र. आणि दोन्ही बोर्ड एकाच स्विचवर ठेवा, कारण पाय बंद असेल तर या रेझिस्टरमधूनही थोडी वीज घुसतेच.

आयटूसीला, म्हणजे एकाच वायरीवरून दोन्हीकडे डेटा जातो त्या जोडणीला, हा जुगाड चालत नाही, तिथं बीएसएस138 वालं व्होल्टेज बदलणारं मॉड्यूल घ्या. खरं तर आता मी एटमेगाच 3.3 वर चालवतो, चिपचा वेग ठरवणारा 8 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावून. मग भानगडच नाही. 16 चा मात्र त्या व्होल्टेजवर लावू नका, कुणी कितीही "चालतंय" म्हणालं तरी. ज्या सीनियरच्या खिशात मल्टीमीटर नाही, त्याच्याकडून चहा घ्या, सल्ला नको.