दहावीनंतर आयबीला जाताय? फॉर्मआधी सहा विषय मांडून बघा

दहावी एसएससी किंवा सीबीएसईतून आणि अकरावीपासून आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा, म्हणजे डीपी, असा बेत असलेल्यांसाठी हे लिहिलंय. आयबी म्हणजे काय आणि फी किती, हे तुमचं एव्हाना शोधून झालेलं असणार, त्यामुळे ते सोडून देतो.

आधी शाळा खरंच आयबीची आहे का ते बघा. नावात ‘इंटरनॅशनल’ असलेल्या कितीतरी शाळा आपल्याकडे सरळ सीबीएसईच्या असतात. आयबीच्या संकेतस्थळावर शाळेचं नाव टाकलं की कळतं. डीपीपुढे ‘कँडिडेट’ असं दिसलं तर मान्यता अजून मिळायची आहे, आणि ती मिळेपर्यंत त्या शाळेला डीपी चालवता येत नाही. ‘मान्यता येतेच आहे’ यावर एक रुपयाही भरू नका.

बऱ्याच शाळा दहावीचं वर्ष चालू असतानाच फॉर्म घेतात आणि निकालाच्या अटीवर प्रवेश देतात. आठवी-नववीची प्रगतिपुस्तकं, सहामाहीचे गुण, जन्मदाखला आणि शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. शिफारसपत्र दिवाळीच्या आत मागून ठेवा. प्रिलिम सुरू झाली की सर दोन ओळी खरडून सही करतात, आणि ते पत्र वाचणाऱ्याला लगेच कळतं.

प्रवेश परीक्षेत इंग्रजी निबंध आणि गणित असतं, नंतर मुलाखत. काही शाळा कॅट-फोर घेतात. आकृत्या, आकडे आणि शब्दांचे संबंध ओळखायची ही संगणकावरची चाचणी आहे आणि तिला अभ्यासक्रमच नाही. तिची ‘तयारी’ करून देणारे क्लास म्हणजे पैसे पाण्यात. मुलाखतीची पाठ केलेली उत्तरं तर त्याहून वाईट. विज्ञान प्रदर्शनातलं मॉडेल ऐनवेळी का चाललं नाही, हे अडखळत सांगणारी मुलगी घोकून आलेल्या मुलापेक्षा उजवी ठरते. इंग्रजीच्या उच्चारांची धास्ती घेऊ नका. स्टेट बोर्डाच्या मुलांचं गणितही कच्चं नसतं. दमछाक होते ती लिहिताना: विज्ञानाच्या प्रत्येक विषयाला 3000 शब्दांपर्यंतचा स्वतः केलेल्या प्रयोगाचा अहवाल, त्याला 20 टक्के गुण, आणि शिवाय 4000 शब्दांपर्यंतचा एक्स्टेंडेड एसे, म्हणजे स्वतः निवडलेल्या विषयावरचा संशोधन निबंध. सवय होते, पण पहिलं सत्र जड जातं.

आता खरा खड्डा, तो म्हणजे विषय. डीपीत सहा विषय घ्यायचे असतात. पहिली भाषा, दुसरी भाषा, अर्थशास्त्र-इतिहासासारखा एक, एक विज्ञान, गणित, आणि सहावा कलेचा. कलेऐवजी आधीच्या गटांतला आणखी एक चालतो. बोटांवर मोजा: भाषांच्या दोन, गणिताची एक, अर्थशास्त्राची एक, अशा चार जागा गेल्या. उरल्या दोन. इंजिनीअरिंगवाल्यांचं फिजिक्स-केमिस्ट्री त्यात बसतं. ‘नीट’ला मात्र फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी तिन्ही लागतात. तिसऱ्या विज्ञानाला जागाच नाही.

वाट आहे, तिला ‘नॉन-रेग्युलर डिप्लोमा’ म्हणतात. अर्थशास्त्राच्या गटातला विषय सोडून त्या जागी तिसरं विज्ञान घ्यायचं. पण त्याला आयबीची परवानगी लागते. अर्ज पालक करू शकत नाहीत, शाळेचे डीपी कोऑर्डिनेटर करतात, आणि पुढच्या अभ्यासक्रमाला हे विषय सक्तीचे आहेत याचा पुरावा जोडावा लागतो. नीटच्या माहितीपुस्तिकेतलं पात्रतेचं पान छापून हाताशी ठेवा. परवानगी मिळाली तरी वेळापत्रक आडवं येतं: छोट्या शाळेत फिजिक्स आणि बायोलॉजी एकाच तासाला असले तर सगळं तिथेच संपलं.

प्रवेश विभागातल्या माणसाला विचारलंत तर तो गोड हसून ‘होऊन जाईल’ म्हणतो. तो वेळापत्रक लावत नाही. कमिशनवरचे सल्लागारही लावत नाहीत, त्यामुळे त्यांचंही ऐकू नका. कोऑर्डिनेटरना ईमेल करा: तिन्ही विज्ञानं एकत्र देता का, परवानगीचा अर्ज कधी करता, आधी कुणाला दिलंय का. उत्तर लेखी हवं, आणि तेही डिपॉझिट भरायच्या आधी. डीपीचे वर्ग जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतात. तोवर ज्युनिअर कॉलेजच्या अकरावीच्या फेऱ्या बऱ्याच पुढे गेलेल्या असतात आणि परतीची वाट अरुंद होते. ‘डिप्लोमा नको, सुटे कोर्स घ्या’ असा तोडगा कुणी सुचवला तर आपल्याकडच्या प्रवेशाला तो चालेल का, हे आधी तपासा. या डिप्लोमाची इथली समकक्षता एआययू, म्हणजे भारतीय विद्यापीठ संघ, ठरवते, शाळा नाही.

मेडिकलवाल्यांनो, आणखी एक. महाराष्ट्राच्या 85 टक्के राज्य कोट्यासाठी, थोडे अपवाद सोडले तर, दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातूनच लागतात. डोमिसाइल असून भागत नाही. बेंगळुरूच्या निवासी शाळेचा कॅम्पस कितीही हिरवागार असो, आधी हा हिशोब करा.

इंजिनीअरिंग डोक्यात असेल तर गणिताच्या दोन प्रकारांतलं ‘अ‍ॅनालिसिस अँड अ‍ॅप्रोचेस’च घ्या, जमल्यास हायर लेव्हलला (विषय हायर म्हणजे जास्त खोल, किंवा स्टँडर्ड, अशा दोन पातळ्यांवर असतात). दुसरा प्रकार स्टँडर्ड लेव्हलला सोपा वाटतो, पण त्यावर इंजिनीअरिंगची कित्येक दारं बंद होतात. दुसऱ्या भाषेला, हिंदी झालेली असेल आणि शाळा देत असेल, तर खुशाल हिंदी बी, म्हणजे भाषा थोडीफार येणाऱ्यांचा कोर्स, घ्या. फ्रेंच ‘अब इनिशिओ’, म्हणजे शून्यापासून शिकायची फ्रेंच, फक्त स्टँडर्ड लेव्हललाच असते आणि हायरचे किमान तीन विषय तर लागतातच. मिरवण्यासाठी फ्रेंच घेणाऱ्यांचं मला कधीच पटलं नाही.

प्रत्येक विषयाला 1 ते 7 गुण असतात. 24 गुणांना डिप्लोमा मिळतो हे अर्धंच खरं. हायरच्या तीन विषयांत मिळून 12, स्टँडर्डच्या तीनमध्ये 9 लागतात आणि कुठल्याही विषयात 1 चालत नाही. घाबरू नका, नेमाने अभ्यास करणारं मूल इथे सहसा अडकत नाही.

शेवटी पैसे. अर्जाची फी परत मिळत नाही. डिपॉझिट कधी परत मिळतं आणि दहावीची अट हुकली तर भरलेल्यातलं किती मिळतं, हे पावतीवर लिहून घ्या. बोर्डाची परीक्षा फी वार्षिक फीमध्ये धरली आहे की वेगळी, तेही विचारा. जुन्या शाळेचा मूळ दाखला हे सगळं हातात आल्यावरच काढा.