स्तन लहान करण्याच्या ऑपरेशननंतर: टाके, ब्रा, व्रण आणि नव्या अंगाची सवय

या ऑपरेशननंतर घोळ होतो तो बहुधा तिसऱ्या आठवड्यात. दुखणं ओसरलेलं असतं, वरची त्वचा मिटलेली दिसते, मानेवरचं ओझं उतरल्याने हुरूप आलेला असतो. मग कपाटावरची बॅग खाली काढली जाते, लेकराला पटकन कडेवर घेतलं जातं. पण त्या वेळी जखमेची ताकद मूळ त्वचेच्या जेमतेम २० ते ३० टक्के असते. ती हळूहळू वाढते आणि पुरती भरल्यावरही साधारण ८० टक्क्यांवर थांबते. म्हणून बंधनं किती दिवस पाळायची हे दुखण्यावरून ठरवू नका, कॅलेंडरवरून ठरवा.

खाली दिलेले आठवडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या सर्जनने वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा, कारण आत कुठे कापलं आणि स्तनाग्राचा रक्तपुरवठा कुठून राखला हे त्यांना ठाऊक असतं.

ऑपरेशनला जायच्या आधी घर लावून ठेवा

रोज लागणाऱ्या वस्तू कंबर ते छाती या उंचीवर आणा. वरच्या फळीवरचं आणि जमिनीलगतचं असं दोन्ही पहिले दोन आठवडे त्रासाचं ठरतं. बरण्यांची आणि बाटल्यांची झाकणं आधीच सैल करून ठेवा. झाकण पिळताना छातीचे स्नायू किती ताणले जातात हे एरवी लक्षातही येत नाही. समोरून उघडणारे चार-पाच शर्ट, समोर हूक किंवा चेन असलेल्या बिनतारेच्या दोन ब्रा (एक धुण्यात, एक अंगात), चार उशा, थर्मामीटर आणि भरपूर गॉझ आणून ठेवा. पहिले दोन दिवस घरात कोणीतरी मोठं माणूस हवंच.

सिगारेट, तंबाखू, व्हेप (ई-सिगारेट), निकोटीनचा च्युइंगगम किंवा पॅच यांपैकी काहीही ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान ४ आठवडे नको. निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात. या ऑपरेशनमध्ये स्तनाग्र एका अरुंद पट्ट्यातून मिळणाऱ्या रक्तावर जगतं. तोच पुरवठा आकसला तर जखम उघडते, आणि वाईटात वाईट म्हणजे स्तनाग्राची त्वचा मरते. सर्जनपासून लपवू नये अशी एकच गोष्ट निवडायची झाली तर ती ही.

पहिले दोन दिवस

दोन्ही बाजू सुजलेल्या, घट्ट आणि निळसर दिसणं अपेक्षित आहे. एकच बाजू तासा-दोन तासांत फुगत गेली, दगडासारखी कडक झाली आणि गोळी घेऊनही ठणका वाढतच राहिला, तर आत रक्त साचत असण्याची शक्यता मोठी असते. सकाळपर्यंत वाट बघू नका. बहुतेक वेळा ते पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊनच काढावं लागतं.

दुखण्याच्या गोळ्या पहिले दोन-तीन दिवस घड्याळ लावून घ्या, कळ उठायची वाट बघू नका. पॅरासिटामॉलची मोठ्या माणसासाठीची मर्यादा २४ तासांत ४ ग्रॅम आहे. वजन कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या आणि काही जोड-गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतं, तेही या हिशेबात धरा. आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन सर्जनला विचारल्याशिवाय नको, रक्तस्राव वाढू शकतो. गुंगी आणणाऱ्या जोरदार गोळ्यांनी पोट हमखास बांधलं जातं आणि कुंथताना सगळा ताण छातीवर येतो. त्यामुळे पाणी आणि तंतुमय अन्न पहिल्या दिवसापासून वाढवा. पोट साफ होण्याचं सौम्य औषध डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतलेलं बरं.

त्याच दिवशी संध्याकाळी आधार घेऊन थोडं चाला. पुढे जागेपणी दर तासा-दोन तासांनी घरातल्या घरात दोन-चार मिनिटं फेऱ्या मारा. पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून हे चालणं असतं, तेव्हा वेग महत्त्वाचा नाही.

ड्रेन म्हणजे आत साचणारा द्राव बाहेर काढणारी, टोकाला पोकळ बल्ब असलेली नळी; ती सगळ्यांनाच बसवत नाहीत. बसवली असेल तर दिवसातून दोनदा बल्ब रिकामा करा, डाव्या-उजव्या बाजूचे मिलिलिटर वेगवेगळे लिहा आणि बूच लावण्यापूर्वी बल्ब दाबून आतली हवा काढा, नाहीतर तो ओढणारच नाही. २४ तासांत सुमारे ३० मिलीच्या खाली आलं की नळी सहसा काढतात. लाल द्राव गुलाबी आणि मग पिवळट होत गेला पाहिजे. पिवळट झालेला द्राव पुन्हा गडद लाल झाला तर कळवा.

झोप

उताणं झोपायचं, डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवून. नुसती मानेखाली उशी घेतली तर मान आखडते. कंबरेपासून उतार मिळेल अशा उशा रचा, गुडघ्यांखाली एक आणि दोन्ही कोपरांखाली एकेक ठेवा. बाजूच्या उशांमुळे झोपेत कूस वळत नाही. उठताना हातांवर जोर देऊ नका. पाय खाली सोडा आणि पोटाच्या जोरावर किंवा कोणाच्या तरी मदतीने बसते व्हा. कुशीवर साधारण ४ आठवड्यांनी, पालथं ६ ते ८ आठवड्यांनी. ज्यांना आयुष्यभर पालथं झोपायची सवय आहे त्यांना ही सगळ्यात कंटाळवाणी अट वाटते, आणि ती खरोखरच कंटाळवाणी आहे.

अंघोळ, ड्रेसिंग आणि तो नाजूक कोपरा

शॉवर किंवा तांब्याने अंघोळ बहुतेकांना ४८ तासांनी चालते, पण आधी विचारा. पहिल्या वेळी कोणालातरी जवळ उभं करा आणि स्टूल ठेवा. घट्ट ब्रा सोडल्यावर, त्यात गरम पाणी आणि टाक्यांचं पहिलं दर्शन, अनेकींना घेरी येते. पाण्याची धार पाठीवर घ्या आणि साबणाचं पाणी छातीवरून नुसतं ओघळू द्या. नंतर टॉवेल टिपकागदासारखा लावा, घासू नका. टब, तलाव, समुद्र हे सगळी जखम पूर्ण मिटेपर्यंत, म्हणजे ४ ते ६ आठवडे बंद.

चीर बहुधा तीन भागांत असते: स्तनाग्राभोवती गोल, तिथून खाली उभी आणि स्तनाच्या घडीत आडवी. काही पद्धतींत आडवी चीर नसते. उभी आणि आडवी चीर जिथे मिळते तो कोपरा नीट लक्षात ठेवा. तिथे त्वचेच्या दोन कडांचं टोक एकत्र येतं, ताण सगळ्यांत जास्त असतो आणि रक्त सगळ्यांत कमी पोहोचतं. वर पूर्ण स्तनाचं वजन आणि घडीतला घाम. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नेमकी तिथेच नखाएवढी, कधी नाण्याएवढी जागा उघडते, पिवळसर थर दिसतो, थोडं पाणी येतं. बघून घाबरायला होतं, पण अशी लहान जागा बहुतेक वेळा पुन्हा टाके न घालता, आतून वर अशी काही आठवड्यांत भरून येते. फोटो काढून सर्जनला पाठवा, सांगतील ते ड्रेसिंग करा आणि ती जागा ओढली जाईल अशी हालचाल कमी करा. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, पावडर, तेल किंवा घरगुती लेप नको. पहिल्या दोहोंनी नवी वाढणारी पेशीच मरते, बाकीच्यांनी जंतूंना खाऊ मिळतो.

चार-पाच आठवड्यांनी चिरेवर पुटकुळीसारखं काही उठून त्यातून बारीक पांढरा किंवा पारदर्शक धागा डोकावला, तर तो आतला न विरघळलेला टाका असतो. ओढू नका, दवाखान्यात दोन मिनिटांत कापून देतात.

बधिर जागेवर बर्फ किंवा गरम पिशवी थेट ठेवू नका. चटका बसला तरी कळत नाही, फोड आल्यावर कळतं.

ब्रा

पहिले ४ ते ६ आठवडे दिवसरात्र, अंघोळीपुरतीच काढायची. मापाची परीक्षा सोपी: खालच्या पट्ट्यात दोन बोटं सहज जावीत आणि काढल्यावर त्वचेवर खोल वळ राहू नयेत. फार आवळली तर आधीच कमी असलेला रक्तपुरवठा आणखी दबतो. शिवण नेमकी चिरेवर येत असेल तर मध्ये गॉझची घडी ठेवा. तार असलेली ब्रा निदान ३ महिने नको, कारण तार बरोबर घडीतल्या व्रणावर बसते.

महागड्या ब्रांची खरेदी मात्र लांबवा. सुरुवातीला स्तन वर चढलेले, चौकोनी आणि वरच्या बाजूला फुगीर दिसतात. सूज उतरून खालचा भाग भरायला ३ ते ६ महिने लागतात आणि अंतिम आकारासाठी वर्षही जातं. सहाव्या आठवड्यातल्या मापाने घेतलेली सहाव्या महिन्यात बसेलच असं नाही. तोवर स्वस्त आणि मऊ तेवढ्याच घ्या. पाळीच्या आधी सूज तात्पुरती वाढते, त्या दिवशी मापही घेऊ नका आणि निष्कर्षही काढू नका.

हात, वजन, गाडी, काम

पहिले दोन आठवडे कोपर खांद्याच्या वर नेऊ नका; पण हात अंगाला चिकटवूनही ठेवू नका, खांदे आखडतात. दिवसातून तीन-चार वेळा खांदे सावकाश मागच्या दिशेने फिरवा. साधारण २ ते ४ किलोपेक्षा जड काहीही ४ ते ६ आठवडे उचलायचं नाही. यात मूल, पाण्याची बादली आणि ओल्या कपड्यांची टोपलीही आली. मुलाला खुर्चीवर किंवा पलंगावर चढू द्या आणि तुम्ही बसून जवळ घ्या.

गाडी चालवायला साधारण दोन आठवड्यांनी हरकत नाही, दोन अटींवर: गुंगीच्या गोळ्या बंद झालेल्या असाव्यात आणि एकदम जोरात ब्रेक दाबून स्टिअरिंग गर्रकन फिरवता आलं पाहिजे. सीटबेल्ट आणि छाती यांच्यामध्ये छोटी उशी धरायची ती प्रवासी म्हणून बसल्यावर. चालवताना पट्टा नेहमीसारखाच हवा. टेबलावरचं काम १ ते ३ आठवड्यांनी, अंगमेहनतीचं ६ आठवड्यांनंतर. धावणं, उड्या, वजनं ही ६ ते ८ आठवडे बंद, आणि परवानगी मिळाल्यावरही पूर्वीच्या निम्म्यापासून सुरुवात.

दुखणं अंगावर काढू नये अशी लक्षणं

३८ अंश सेल्सियसच्या वर ताप, घट्ट किंवा दुर्गंधीचा पू, पसरत जाणारी लाली (कडेवर पेनने रेघ मारून ठेवा, काही तासांत लाली रेघेबाहेर गेली तर फोन करा), स्तनाग्र जांभळं-काळं पडणं, यासाठी त्याच दिवशी सर्जन गाठा. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर तेही त्याच दिवशी तपासून घ्या. एकाएकी धाप लागली, छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडलं, तर थेट तातडीच्या विभागात.

व्रण

सहाव्या ते बाराव्या आठवड्यात व्रण अधिक लाल, जाड आणि खाजरे होतात. बिघडलं असं वाटतं, पण हा भरण्याचाच टप्पा आहे. फिके आणि सपाट व्हायला १२ ते १८ महिने लागतात. खपल्या पडून सगळी जखम कोरडी झाली की सिलिकॉनची पट्टी दिवसातून १२ तास किंवा जास्त, किंवा जेल दोनदा, निदान २-३ महिने लावा. पट्टी रोज धुवा, नाहीतर खाली पुरळ येतं. सहा आठवड्यांनंतर, सर्जनने होकार दिला की, बोटाच्या पेराने गोल आणि आडवा-उभा दाब देत दिवसातून दोनदा पाच मिनिटं मालिश करा. वर्षभर ऊन लागू देऊ नका, लागलंच तर एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन लावा. व्रण चिरेच्या हद्दीबाहेर वाढू लागला तर तो केलॉइड असू शकतो. लवकर दाखवल्यास इंजेक्शनने आवरणं सोपं जातं.

बधिरपणा, गाठी आणि पोक

स्तनाग्र बधिर असणं किंवा उलट शर्टाचा स्पर्शही सहन न होणं, दोन्ही नेहमीचं. मध्येच विजेसारखी चमक येते, ती नस जागी होण्याची खूण. हुळहुळणाऱ्या त्वचेला आधी रेशमी, मग सुती, मग खरखरीत कापड रोज काही मिनिटं लावत गेलं की ती सरावते. संवेदना परतायला वर्ष किंवा जास्त लागतं. काहींना ती पूर्ण परत येत नाही. हातांना लागणारी कडक गाठ बहुतेकदा रक्त न मिळालेल्या चरबीची असते, पण "बहुतेकदा" यावर सोडून देऊ नका, सोनोग्राफी करून घ्या.

ओझं गेलं तरी पोक आपोआप जात नाही. छाती लपवायला वर्षानुवर्षं पुढे ओढलेले खांदे स्नायूंना पाठ झालेले असतात. सहा आठवड्यांनंतर फिजिओथेरपिस्टकडून पाठीच्या वरच्या भागाचे व्यायाम शिकून घेतले तर मानेच्या दुखण्यात खरा फरक पडतो. मनाचंही तसंच. ऑपरेशन स्वतःहून मागून घेतलेलं असूनही पहिल्या आठवड्यात रडू येतं, आरशातलं अंग परकं वाटतं. भूल, गोळ्या आणि अपुरी झोप यांचा त्यात मोठा वाटा असतो. दोन-तीन आठवड्यांनीही मन उचल खात नसेल तर डॉक्टरांशी बोला. नवे कपडे शिवायची घाई मात्र करू नका, जुने आत घेऊन काम चालवा.

पुढची वर्षं

काढलेला भाग प्रयोगशाळेत पाठवला होता का हे विचारा आणि तो अहवाल फाइलला लावून ठेवा. मॅमोग्राफीच्या (स्तनांच्या एक्स-रे तपासणीच्या) वेळी ऑपरेशनचं वर्ष आणि चिरा कुठे आहेत ते आधी सांगा. आतले व्रण आणि चरबीतले चुन्याचे ठिपके माहिती नसलेल्याला संशयास्पद दिसू शकतात. ऑपरेशननंतरची पहिली मॅमोग्राफी सहसा सूज बसल्यावर, सहा महिन्यांनी किंवा नंतर करतात, आणि तीच पुढच्या सगळ्यांशी ताडून बघायची असते, म्हणून तिची प्रत जपा. पुढे बाळाला पाजायचं असेल तर दूध पूर्ण, अर्धवट किंवा अजिबात न येणं यांपैकी काहीही होऊ शकतं. स्तनाग्र खालच्या दुग्धनलिकांना जोडलेलं ठेवलं असेल तर शक्यता बरी असते, सुटं करून पुन्हा बसवलं असेल तर जवळजवळ नसते. कोणती पद्धत वापरली ते लेखी मागून घ्या. बाळंतपणाच्या वेळी स्तनपान सल्लागाराला तोच कागद दाखवायचा आहे.