इलेक्ट्रिक एसयूव्हीला नवे अलॉय आणि टायर: माप घेण्यापासून पहिल्या शंभर किलोमीटरपर्यंत

पुण्यात नाना पेठेत असो नाहीतर बाणेरच्या चकचकीत दुकानात, भिंतीवर टांगलेलं अलॉय (हलक्या मिश्रधातूचं चाक) आवडलं की ते खाली उतरवून घ्या आणि पालथं करा. कामाचं सगळं मागच्या बाजूला कोरलेलं असतं: रुंदी, ऑफसेट, पीसीडी (या दोन्हींचा अर्थ पुढे येतो) आणि त्या एका चाकाने किती किलो पेलायचं तो आकडा. हा शेवटचा आकडा नसेल तर ते चाक परत टांगायला सांगा. इलेक्ट्रिक एसयूव्हीच्या पोटात बॅटरीचं काही शे किलो वजन असतं आणि मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते. पेट्रोल गाडीवर चालून जाणारं चाक इथे खड्ड्यात वाकू शकतं.

माझ्याकडे नेक्सॉन ईव्ही आहे. तिचे १६ इंची टायर काढून मी १७ इंची बसवले, पहिल्या वेळी चुकीच्या पद्धतीने. त्यात जे शिकलो ते इथे क्रमाने देतो.

आधी कागदावर हिशेब

दुकानात जाण्याआधी घरी बसून आकडे मांडा. २१५/६० आर १६ म्हणजे टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिलिमीटर, आणि रिम १६ इंची, म्हणजे ४०६.४ मिलिमीटर. रिममध्ये भिंतीची उंची दोनदा मिळवली की पूर्ण व्यास मिळतो: ६६४.४.

आता २१५/५५ आर १७ घ्या. व्यास येतो ६६८.३. फरक अर्ध्या टक्क्याच्या जरा वर, म्हणजे मीटर आणि एबीएस (ब्रेक लावताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा) दोन्ही खूश. २२५/६० आर १७ घेतलात तर व्यास ७०१.८ होतो, तब्बल साडेपाच टक्के जास्त. मीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८४ च्या वर असेल आणि स्टिअरिंग फुल्ल वळवलं की टायर मडगार्डच्या आतल्या लायनरला, म्हणजे अस्तराला, घासायची भीती. व्यासातला फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवा आणि रिम एका इंचापेक्षा जास्त वाढवू नका.

एक इंच वाढवताना काय गमावतो तेही बघा. वरच्या उदाहरणात टायरची भिंत १२९ वरून ११८ मिलिमीटरवर आली. सिंहगड रोडवरचे खड्डे आणि सोसायट्यांचे न रंगवलेले गतिरोधक ज्यांच्या रोजच्या वाटेत आहेत त्यांना हे ११ मिलिमीटर जाणवतात. १८ इंचाचा मोह पुण्यात तरी टाळावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

लोड इंडेक्स: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

टायरवर मापानंतर ९५एच असं काहीतरी लिहिलेलं असतं. ९५ हा लोड इंडेक्स, म्हणजे एका टायरला ६९० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. २१५/६० आर १६ बहुधा ९५ मध्येच येतो. आणि २१५/५५ आर १७? त्याचा साधा टायर ९४ चा, म्हणजे ६७० किलोचा. माप जुळलं, व्यास जुळला, पण प्रत्येक चाकामागे २० किलो कमी झाले, आणि हे दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. त्याच मापाचा ९८ एक्सएल, म्हणजे जास्त वजनासाठी मजबूत केलेला, टायर मिळतो. तो ७५० किलो पेलतो. तोच मागा. नियम सोपा आहे: मूळ टायरच्या लोड इंडेक्सच्या खाली एक अंकही उतरायचं नाही.

एक्सएल टायरला तेवढंच वजन पेलायला थोडी जास्त हवा लागते, त्यामुळे दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेल्या हवेपेक्षा कमी कधीच ठेवू नका. काही टायरांच्या आत आवाज कमी करणारा फोम चिकटवलेला असतो. तसा टायर घेतलात तर तुमच्या नेहमीच्या पंक्चरवाल्याला तो फोम कापून, जागा साफ करून पॅच लावता येतो का, हे आधी विचारा.

टायरच्या भिंतीवरचे चार आकडेही वाचा. २३२५ म्हणजे २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. वर्षभर गोदामात पडलेला टायर सवलतीत देत असले तरी मी घेत नाही. टायरवर आयएसआय खूण हवी. आयात केलेल्या अलॉयवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए या जपानी चाचण्यांच्या खुणा दिसतात. त्या असतील तर जमेची बाजू.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. म्हणून तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनी जे माप देते ते निवडणं सगळ्यात सुरक्षित. विमा कंपनीला लेखी कळवा आणि अलॉयचं बिल जपून ठेवा.

हबवर बसतंय का?

पीसीडी म्हणजे नटांच्या मध्यबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. पाच नटांची गाडी असेल तर शेजारच्या दोन नटांच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि १.७ ने गुणा. यात एक धोका आहे. ११२ आणि ११४.३ या दोन पीसीडींमध्ये शेजारच्या नटांचं अंतर जेमतेम दीड मिलिमीटरने वेगळं असतं. जोर लावला की चुकीचं चाकही चढतं, दुकानदार "बसतंय की साहेब" म्हणतात, आणि नट तिरके आवळले जातात. असे नट पुढे ढिले होतात. गाडीच्या पुस्तिकेतला आकडा आणि चाकावरचा आकडा तंतोतंत एकच हवा.

चाकाचं मधलं भोक हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, गोलाएवढं असावं. बाजारातली अलॉय अनेक गाड्यांना चालावीत म्हणून भोक मोठं ठेवतात, मग मधली फट भरायला हब रिंग लागते. माझ्या बाबतीत दुकानदाराने ती घातलीच नाही. एक्सप्रेसवेवर ८० च्या पुढे गेलो की स्टिअरिंग थरथरायचं. दोनदा बॅलन्सिंग (छोटी वजनं लावून चाकाचा तोल साधणं) करून घेतलं, पैसे गेले, थरथर तशीच. शेवटी चाक काढून पाहिलं तेव्हा हबभोवती बोटाचं नख जाईल एवढी फट होती. योग्य मापाच्या रिंगा घातल्या आणि त्याच दिवशी प्रश्न संपला.

ऑफसेटचं गणितही करा. चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं मिलिमीटरमधलं अंतर म्हणजे ऑफसेट. समजा मूळ चाक साडेसहा इंच रुंद आणि ऑफसेट ४०, नवं सात इंच आणि ३५. बाहेरची कड सुमारे ११ मिलिमीटर बाहेर येते, आतली एक मिलिमीटरच आत सरकते. म्हणजे लक्ष मडगार्डच्या बाजूला हवं. नटांची बैठकही बघा: काही शंकूसारखी, काही गोलसर. चाकाची बैठक एक आणि नट दुसरे, असं कधीही चालवून घेऊ नका. मूळ स्टीलच्या स्टेपनीला वेगळे नट लागत असतील तर ते डिकीत ठेवा.

पुढची पायरी बहुतेक दुकानं टाळतात, तुम्ही हट्ट धरा. टायर चढवण्याआधी रिकामं अलॉय पुढच्या आणि मागच्या हबवर बसवून बघा. दोन-तीन नट हाताने लावा आणि चाक सावकाश फिरवा. ब्रेक कॅलिपरपासून (ब्रेकची डिस्क आवळणाऱ्या भागापासून) तीनेक मिलिमीटर मोकळी जागा हवी, आणि आत चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं नंतर तिथे घासणार नाहीत हेही बघा. एकदा टायर चढला की दुकान परत घेत नाही.

गाडी उचलणे आणि आवळणे

गाडी सपाट जागेवर, चार्जिंगची वायर काढलेली, पूर्ण बंद. इलेक्ट्रिक गाडी चालू असली तरी आवाज करत नाही, म्हणून डिस्प्ले बघून खात्री करा आणि चावी खिशात ठेवा. दुसऱ्या टोकाच्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावा. नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल करा, मग जॅक लावा.

जॅक फक्त पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच. खालचा सपाट भाग म्हणजे बॅटरीचं कवच आहे, त्यावर जॅक किंवा लिफ्टचा हात टेकला तर नुकसान लाखांत जाऊ शकतं. गॅरेजमध्ये गाडी उचलताना मी स्वतः वाकून चारही हात कुठे आहेत ते बघतो. तुम्हीही बघा, कुणाला राग आला तरी.

हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून गंज आणि पावसाळ्याचा चिखल काढा. स्टडवर (नट ज्यांवर फिरतात त्या आट्यांच्या दांड्यांवर) तेल लावू नका, त्याने टॉर्कचा, म्हणजे आवळण्याच्या जोराचा, आकडा फसवा येतो. नट आधी हाताने फिरवा, मग समोरासमोर उड्या मारत, चांदणीच्या क्रमाने आवळा. हवेच्या गनने नट पक्के करू देऊ नका. शेवटचं आवळणं टॉर्क पान्यानेच, पुस्तिकेतल्या न्यूटन-मीटरच्या आकड्यावर. शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा एकदा तोच पाना लावा. नव्या अलॉयवर नट थोडे बसतात, एखाद-दुसरा हमखास थोडा फिरतो.

टायरच्या हवेचे सेन्सर वॉल्व्हला असतील तर जुन्या चाकांतून काढून नव्यात बसवून घ्या आणि गाडीला त्यांची ओळख पुन्हा करून द्या. सेन्सर आणि पंक्चर किट दिलं तर स्टेपनी नसली तरी चालेल, असा बदल नियमांत २०२० मध्ये झाला, त्यामुळे बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत ती नसतेच. मग हा सेन्सर शोभेचा राहत नाही.

रस्त्यावर

चाकांची अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत आणणं) करून घेतलं की मोकळ्या पार्किंगमध्ये दोन्ही बाजूंना स्टिअरिंग फुल्ल वळवून पुढे-मागे चालवा. मग चौघांना बसवून एखादा उंच गतिरोधक सावकाश ओलांडा. घासल्याचा आवाज रिकाम्या गाडीत येत नाही, भरल्यावर येतो. वेगात स्टिअरिंग थरथरलं तर पुढची चाकं तपासा, सीट थरथरली तर मागची.

रेंजचा हिशेब मात्र प्रामाणिकपणे करा. चाकं बदलण्याआधी एका सकाळी चांदणी चौक ते लोणावळा, तेवढीच माणसं, तोच एसी, तोच वेग, आणि मीटरवरचा प्रति किलोमीटर वापर लिहून ठेवा. बदलल्यावर तीच फेरी करा. नव्या टायरचा व्यास दोन टक्के मोठा असेल तर गाडी प्रत्यक्षापेक्षा कमी किलोमीटर मोजते, म्हणून वापर आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. तेवढी दुरुस्ती करूनच तुलना करा. जड आणि रुंद चाकांनी रेंज घटतेच. ती किती घटली ते तुमच्या रोजच्या वाटेवर कळलं, की जुने अलॉय ठेवायचे की विकायचे हे ठरवा. निदान पहिला पावसाळा जाईपर्यंत मी ते विकणार नाही.