नागपूरजवळ घोड्यांच्या सोयीची जागा घेण्यापूर्वी

पुण्या-मुंबईकडून मिहान किंवा बुटीबोरीत नोकरीला आलेल्या आपल्या मंडळींना नागपूरच्या आसपासचे जमिनीचे भाव प्रथम फारच सोयीचे वाटतात, आणि ज्यांना घोड्यांची हौस आहे त्यांच्या मनात तबेल्यासह शेतघर घेण्याचा विचार लवकरच घोळू लागतो. शहराबाहेरील एखाद्या लेआउटमध्ये समान हौसेची चार-सहा कुटुंबे एकत्र आली, सामाईक रिंगण आणि फिरवण्याची वाट केली, तर ती योजना खरोखर उपयोगी ठरू शकते. साताऱ्याकडून येऊन येथे बरीच वर्षे स्थिरावलेला मनुष्य म्हणून माझे मत असे आहे की, अशा वसाहतीची पारख तिच्या कमानीवरून किंवा क्लब-हाऊसवरून न करता माती, पाणी आणि वाट या तीन गोष्टींवरून करावी.

त्याआधी कागदपत्रे. विदर्भात शेतजमिनीच्या हस्तांतरणाला 1958 चा विदर्भ विभागासाठीचा कुळवहिवाट कायदा लागू आहे आणि त्याच्या कलम 89 नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन सहसा घेता येत नाही. आपल्या नावावर किंवा वडिलोपार्जित शेती असेल तर गावाकडचा सातबारा आणि आठ-अ आधी मागवून ठेवावा. नसेल तर अकृषक झालेला भूखंडच पाहावा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 अशी नोंद असल्यास शासनाच्या परवानगीविना व्यवहार करू नये. रामटेक-पारशिवनीच्या बाजूला आदिवासी खातेदारांच्या जमिनी आहेत, त्यांच्या बाबतीत महसूल संहितेचे कलम 36 व 36-अ यांचे निर्बंध आणखी कडक आहेत. एकाच गट क्रमांकातील ‘अविभक्त हिस्सा’ देऊन प्रत्यक्षात लहान भूखंड दाखवण्याचा प्रकारही आढळतो. तुकडेबंदी कायद्यामुळे असा हिस्सा पुढे स्वतंत्रपणे नावावर होणे कठीण जाऊ शकते. विकासक 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेचे आठांहून अधिक भूखंड पाडून विकत असेल तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक मागणे हा आपला हक्क आहे. गाव एनएमआरडीएच्या (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत येत असल्यास विकास आराखड्यात त्या गटावर रस्त्याचे किंवा अन्य आरक्षण आहे काय, हेही पाहावे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाल्यापासून हिंगण्याच्या बाजूचे भाव आणि आश्वासने दोन्ही वाढलेली आहेत.

आता मातीकडे येऊ, कारण नवीन माणूस सर्वाधिक दुर्लक्ष तिच्याकडेच करतो. येथील काळी कसदार जमीन कापसा-सोयाबीनला उत्तम असली तरी घोड्याला ती त्रासाची आहे. पावसाळ्यात ती इतकी चिकट होते की घोडा दिवसभर चिखलात उभा राहून त्याच्या खुरांचा तळ सडू लागतो, उन्हाळ्यात तिला रुंद भेगा पडून पाय मुरगळण्याचे भय असते, आणि फुगण्या-आकसण्यामुळे तबेल्याच्या भिंतींनाही तडे जातात. याउलट ज्या बरड, मुरमाड जमिनीकडे स्थानिक शेतकरी फारसे कौतुकाने पाहत नाही, ती पाण्याचा निचरा होत असल्याने घोड्यांसाठी अधिक चांगली आणि बहुधा स्वस्तही असते. तिची उणीव एवढीच की तिच्यात विहिरीला किंवा बोअरला पाणी कमी सापडते. साधारण आकाराचा एक घोडा दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी पितो, वैशाखात त्याहून अधिक; त्यात अंघोळ आणि धुणे-पुसणे धरून हिशेब करावा आणि विहीर किंवा बोअर मे महिन्यात स्वतः चालवून पाहावी. विक्रेत्याने डिसेंबरमध्ये दाखवलेल्या पाण्यावर विसंबू नये. काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात बागांसाठी बोअर खोल खोल गेलेले आहेत, हे तिकडे जागा पाहणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे.

उष्णतेचे वेगळे सांगावयास नको. 23 मे 2013 रोजी नागपुरात 47.9 अंश तापमान नोंदले गेले होते. पत्र्याचे बुटके तबेले या हवामानात घोड्याच्या जिवावर बेतू शकतात. छत उंच, दोन्ही बाजूंनी वारा खेळता आणि पश्चिमेला झाडांची सावली असावी.

वैरणीचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. जिल्ह्यात ज्वारीचा पेरा घटल्याने कडबा पूर्वीइतका सहज मिळत नाही आणि सोयाबीनचे कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, ढीगभर मिळत असले तरी ते घोड्याचे मुख्य खाद्य होऊ शकत नाही. कोवळी हिरवी ज्वारी तर घोड्याला घालूच नये, आणि पावसाळ्यात बुरशी धरलेले खाद्य निःसंकोच फेकून द्यावे. येथे मात्र वसाहतीचा लाभ स्पष्ट आहे: चार घरांनी मिळून वाळलेले गवत हंगामात एकदम भरले, घोड्यांची निगा राखणारा एक जाणता सईस ठेवला आणि नालबंदाला सहा-आठ आठवड्यांनी एकाच दिवशी बोलावले तर खर्च आणि धावपळ दोन्ही निम्म्यावर येतात. शिवाय घोडा कळपात राहणारा प्राणी आहे. एकटा ठेवलेला घोडा बेचैन होतो.

सामाईकपणाची दुसरी बाजू रोगराईची आहे. ग्लँडर्स हा माणसालाही होणारा आणि शासनाला कळवणे बंधनकारक असलेला रोग आहे. एका घोड्यात तो सिद्ध झाला तर त्याला मारावे लागते आणि इतरांच्या तपासण्या होऊन ने-आणीवर बंदी येते. त्यामुळे नवीन घोडा रक्ततपासणीशिवाय आत घेणार नाही, असा नियम लेखी नसलेल्या वसाहतीत मी स्वतः पैसे गुंतवणार नाही. सारंगखेडा किंवा माळेगावच्या यात्रेतून आणलेला घोडा तर काही दिवस वेगळाच बांधावा. पावसाळ्यानंतर गोमाश्यांमुळे सर्रा हा रक्तातील परजीवीचा रोगही पसरतो. गावातील पशुवैद्यकीय दवाखान्यांचा बहुतेक अनुभव गाई-म्हशींचा असतो. पोटशुळाने घोडा रात्री लोळू लागला तर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत किती वेळ लागतो, हे एकदा रात्रीच जाऊन पाहावे.

वाटेविषयी फसगत सर्वांत अधिक होते. आराखड्यातील ‘घोडेस्वारीचा मार्ग’ अनेकदा शेजारच्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, गेलेला असतो आणि पेरणी झाली की तो बंद होतो. गाव नकाशावर नोंदलेला पांदण रस्ता जागेला लागून असेल तर ती जागा थोडी महाग पडली तरी घ्यावी. महसूल संहितेच्या कलम 143 अन्वये तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतात, परंतु तो शेतात जाण्यासाठी असतो, हौसेच्या फेरफटक्यासाठी नव्हे. जवळ दगडखाण असल्यास सुरुंगाच्या आवाजाने घोडे बिथरतात. पेंच, बोर आणि उमरेड-कऱ्हांडला यांच्या जंगलांलगतच्या गावांत बिबट्याचा वावर गृहीत धरूनच कुंपण आणि रात्रीच्या बंदिस्त जागेचा खर्च मांडावा.

शक्य असेल तर विकत घेण्यापूर्वी दुसऱ्याच्या तबेल्यात घोडा ठेवून येथील एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढावा. त्यानंतरही बेत कायम राहिला तर बांधकाम साधेच करावे, कारण घोड्यांसाठी जागा शोधणारे ग्राहक येथे थोडे आहेत. पुढे विकण्याची वेळ आली तर गोठा किंवा धान्याचे कोठार म्हणून वापरता येईल असा तबेला असल्यास गावातील शेतकरीही त्या जागेला गिऱ्हाईक होऊ शकतो.