नव्या फ्लॅटच्या भिंतीला ओल

मुलुंडच्या फ्लॅटचा ताबा घेऊन आठ महिने झाले नाहीत, तोच बेडरूमच्या भिंतीला पोपडे धरले. स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाशी बसवलेल्या लादीच्या पट्टीच्या) वर वीतभर ओलीचा पट्टा, नखाने टोकरलं तर पुट्टी भुगा होऊन हातात. बिल्डरचा माणूस म्हणाला, "पावसाची ओल आहे, सुकेल." पण ही भिंत बाहेरची नव्हतीच, पलीकडे बाथरूम!

मग आम्हीच छडा लावला. आधी चार दिवस ते बाथरूम बंद ठेवलं. पट्टा फिका पडला. मग नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीतलं पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्यात) फडकं कोंबून दोन इंच पाणी साठवलं आणि कडेला पेन्सिलने खूण केली. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेच्या बोटभर खाली, आणि खालच्या काकूंच्या छतावर डाग. (काकूंनी चहा पाजला, हे विशेष.) म्हणजे पाइप नाही, ट्रॅपभोवतीचा सांधा.

फोटो जोडून बिल्डरला लेखी पत्र दिलं. रेरा कायद्याच्या (बिल्डर आणि घर घेणाऱ्यांसाठीचा केंद्राचा कायदा) कलम 14(3) नुसार ताब्यापासून 5 वर्षांत कळवलेला बांधकामातला दोष 30 दिवसांत, फुकट दुरुस्त करावा लागतो. हे लिहिल्यावर मिस्त्री आठवड्यात हजर.

ट्रॅपभोवतीच्या लाद्या काढून वॉटरप्रूफिंग केलं. गळती थांबली का ते बघायला, लाद्या परत बसवायच्या आधी 48 तास पाणी भरून ठेवायला लावलं; मिस्त्री कुरकुरला, पण मी हटलो नाही. भिंत खरवडून महिनाभर उघडी ठेवली. रंगाची घाई बायकोला होती, मला नव्हती.