डोंगरातल्या पागेत घोडा कसा घडवावा

माथेरान सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे आणि तेथे मोटारींना बंदी असल्यामुळे दस्तुरी नाक्याच्या पुढे माणसाला वाहून नेण्याचे बरेचसे काम आजही घोडाच करतो. अशा ठिकाणी पागा चालवणाऱ्याने घोडा शिकवायला घेण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. सपाट मैदानावर घोडा स्वाराच्या इशाऱ्याबरहुकूम चालला की भागते. डोंगरात मात्र ओल्या जांभ्यावर पुढचा पाय नेमका कोठे टाकायचा हे पाठीवर बसलेल्याला दिसत नाही, ते घोड्यालाच ठरवावे लागते. माराच्या धाकाने शिकवलेला घोडा कान मागे लावून, माणसाचा अंदाज घेत चालतो, आणि ज्याचे लक्ष मागे आहे त्याला पायाखालचा सुटा दगड दिसणार कसा? घोडा शिकवणाऱ्याला मराठीत चाबूकस्वार म्हणतात खरे, पण त्या नावातला चाबूक डोंगरावर नेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

शिकवण्याची सुरुवात ठाणावर, म्हणजे घोडा बांधण्याच्या जागी, होते. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते. मात्र कपाळाच्या अगदी समोरचे आणि शेपटीच्या थेट मागचे दिसत नाही, म्हणून आवाज देत डाव्या खांद्याकडून जवळ जावे. नव्या जनावराला पहिले दोन-तीन आठवडे नुसता खरारा करावा, म्हणजे अंग घासून साफ करावे, चारी पाय उचलून पाहावेत, आणि खोगीर शेजारी ठेवून त्याला ते हुंगू द्यावे. त्याचे जठर देहाच्या मानाने लहान असते आणि त्याला ओकता येत नाही, त्यामुळे अन्न अडकून पोटशूळ उठला तर जिवावर बेतते. गवत दिवसभर थोडे थोडे पुढे असावे, चंदी (दाण्याचा खुराक) तीन वेळा वाटून द्यावी, आणि चंदी खाल्ल्यावर लगेच चढणीला लावू नये.

त्यानंतर वागदोर धरून पायवाटेवर चालवण्याचे शिक्षण येते, आणि खरा कस येथेच लागतो. समजा, तीन वर्षांची घोडी पावसाचे पाणी काढून देण्यासाठी वाटेत आडव्या खणलेल्या चरापाशी येऊन थबकली आहे. ती मान खाली घालते, फुरफुरते आणि चारी पाय रोवून उभी राहते. अशा वेळी दोर ओढणारा माणूस हमखास हरतो, कारण तीनशे किलोंचे जनावर ओढून हलत नाही आणि त्या ओढाताणीत ते चराला अधिकच भिते. तिच्या खांद्याशी, तोंड पुढे करून उभे राहावे, दोराला जेमतेम ताण द्यावा आणि थांबावे. तिने अंगाचा भार बोटभर जरी पुढे झुकवला तरी त्याच क्षणी दोर सैल सोडावा. कारण तिला कळते ते या सैल सोडण्यातूनच. ती एक खूर चराच्या काठावर टेकवील, मागे घेईल, पुन्हा टेकवील आणि मग एकदम उडी मारून पलीकडे जाईल, म्हणून आपण तिच्या अगदी समोर उभे राहू नये. तिला तोच चर उलट बाजूने एकदा ओलांडू द्यावा आणि त्या दिवसाचा धडा तेथेच संपवावा. माकडांनी पत्र्यावर मारलेल्या उड्या आणि रेल्वेगाडीची शिटी यांची सवयही याच रीतीने, लांबून जवळ येत लावावी.

भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला, या जुन्या कोड्याचे ‘न फिरवल्यामुळे’ हे उत्तर घोड्यापुरते शब्दशः खरे आहे. पाच दिवस ठाणावर बांधलेला आणि शनिवार-रविवारच्या गर्दीत एकदम बाहेर काढलेला घोडा बुजला, तर तो दोष त्याचा नव्हे. गिऱ्हाईक नसलेल्या दिवशीही त्याला तासभर फिरवून आणावे.

चौथ्या वर्षाच्या आत चढउतारावर स्वारी देऊ नये, कारण पाठीच्या कण्याची वाढ त्यानंतरही वर्ष-दोन वर्षे चालू असते. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जड नसावे. म्हणजे तीनशे किलोंच्या तट्टावर साठ किलो, आणि तीव्र चढावर त्याहूनही कमी. हा हिशेब सांगून भारदस्त गिऱ्हाइकाला नम्रपणे नकार देण्याची तयारी मालकाने ठेवलीच पाहिजे. चढताना स्वाराने पुढे झुकून आयाळ धरावी, लगामाला लोंबकळू नये. नुसते उभे असतानाही घोड्याचा निम्म्याहून अधिक भार पुढच्या पायांवर असतो आणि उतारावर तो आणखी वाढतो, म्हणून उतरताना दुडकी चाल कधीही देऊ नये. जेथे वाट फार निसरडी असेल तेथे स्वाराला खाली उतरवावे.

परतल्यावर जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवून नाडी मोजावी. निवांत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. दहा-पंधरा मिनिटे विसावा घेऊनही ती साठाखाली आली नाही, तर त्या दिवशी त्याला पुन्हा बाहेर काढू नये. मग प्रत्येक खूर उचलून आतले खडे व चिखल काढावा आणि खुराचा वास घ्यावा, कारण पावसाळ्यात खूर आतून कुजू लागला की तो आधी वासावरून कळतो. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद यायलाच हवा. पण एरवी सहज पाय देणारा घोडा एखाद्या संध्याकाळी तो देईनासा झाला, तर त्या मुदतीची वाट न पाहता दुसऱ्या दिवशी खोगीर चढवण्यापूर्वी नालबंदाला बोलावून घ्यावे.